चपला बाहेर काढून आत यावे

१

सेलूच्या जिनिंगमधला कॉम्प्युटर नवीन मेमरी बसवल्यापासून सुरूच होत नाही, असा फोन परभणीच्या दुकानात आला, तेव्हा दुसरा मेकॅनिक रिकामाच बसला होता. तरी चंद्रभान उठला आणि म्हणाला, "मी जातो." सेलूचं नाव काढलं की तोंड फिरवणारा हा माणूस आज आपणहून निघाला, याचं दुकानाच्या मालकाला नवल वाटलं असणार. पण दिवस उन्हाळ्याचे. त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलेलं, एस.टी. कुठं अडकून पडेल याचा नेम नाही. जाणारा जातोय तर जाऊ द्यावं, म्हणून त्यानं हत्यारांची पिशवी पुढं सरकवली.

चंद्रभानची धाकटी बहीण कमल त्याच जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर बसायची. ताडकळसची पोरगी, परभणीत क्लास करून तयार झाली होती, कापसाच्या मापाच्या पावत्या काढायची. ऐन हंगामात एका सकाळी ती तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत मेली. जिनिंगचे मालक व्यंकटराव म्हणाले, हार्टफेल. डॉक्टरनंही तेच लिहून दिलं. बाप आणि चुलते जाऊन मयत घेऊन आले. चंद्रभान तेव्हा पुण्याला ट्रेनिंगला होता. तो घरी पोचला तोवर सगळं उरकलं होतं. आईनं त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की पोरीच्या उजव्या हाताची बोटं काळी पडली होती. हार्टफेलनं बोटं काळी पडत नाहीत, हे कळायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही.

तेव्हापासून त्याला एकच पाहिजे होतं. कमल कशानं मेली ते व्यंकटरावाच्या तोंडून ऐकायचं, आणि मग त्या माणसाला तसंच मरताना बघायचं. उगाच गोड शब्दांत कशाला सांगा, त्याच्या पोटात सूड होता. जेवताना तोच, अंथरुणावर पडल्यावर तोच. व्यंकटरावानं चंद्रभानला कधी पाहिलेलं नव्हतं, ही त्यातल्या त्यात सोय होती.

२

हंगाम संपल्यामुळं जिनिंग बंद होतं. आवारात सरकीचा वास, तारेच्या कुंपणाला जागोजागी अडकलेला कापूस, आणि माणूस म्हणाल तर एकटा आश्रुबा. हा तिथला जुना वायरमन. साठीकडं झुकलेला, धोतर गुडघ्यापर्यंत, पाय अनवाणी. त्यानं आधी चंद्रभानला माठातलं पाणी दिलं आणि मग स्वतःच्या फडक्यातली अर्धी भाकर पुढं केली.

"खावा सायेब. ऊन लय हाय. मशीन काय पळून जायलाय का."

चंद्रभाननं भाकर खाल्ली. म्हातारा त्याला आवडला.

कॉम्प्युटरची खोली आवाराच्या पार टोकाला होती. दारावर पाटी होती: चपला बाहेर काढून आत यावे. आता तो काळच तसा होता. धूळ आत गेली की मशीन बिघडतं म्हणून लोक या खोलीत देवळात शिरावं तसे शिरायचे. व्यंकटरावानं तर दसऱ्याला मशीनला हार घालून नारळ फोडला होता. आणि चपलांच्या बाबतीत इतका कडक, की एकदा बँकेच्या साहेबाचेसुद्धा बूट उतरवले होते म्हणे.

आश्रुबानं कुलूप काढलं. चंद्रभान पायातल्या रबरी चपलांसकट आत निघाला, तसा म्हातारा घुटमळला.

"सायेब, चपला..."

"मेकॅनिकला चालतं. रबर असलेलं बरं, करंट लागत न्हाई."

आश्रुबानं मान खाली घातली. तो स्वतः मात्र उंबऱ्याच्या आत आला नाही.

खोली लहान होती. एक खिडकी, एक टेबल, टेबलावर झाकण घातलेलं मशीन, समोर खुर्ची. चंद्रभाननं झाकण काढलं आणि बटण दाबलं. पडदा काळा तो काळाच, आणि मशीन लांब लांब शिट्ट्या मारायला लागलं. मेमरी सापडत नाही असा त्याचा अर्थ. रोजचंच काम. त्यानं मशीन बंद केलं, डबा उघडला, मेमरीच्या बोटभर पट्ट्या एकेक करून काढल्या, त्यांची पितळी टोकं खोडरबरानं घासून लख्ख केली आणि पुन्हा खाचेत टिक्क आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. पुन्हा शिट्ट्या. मग जुन्या पट्ट्या ठेवून नव्या काढल्या, नव्या ठेवून जुन्या काढल्या, जागा बदलून पाहिल्या. शिट्ट्या काही थांबल्या नाहीत.

वाकून वाकून पाठ भरून आली म्हणून तो टेबलाखाली उकिडवा बसला, आणि तेव्हा त्याच्या हाताला फरशी ओली लागली.

नुसती ओली नव्हती. कुणीतरी आत्ताच फडकं मारलं होतं. टेबलापासून दाराकडं, मागं मागं सरकत मारलेले अर्धगोल पट्टे ओलसर चकाकत होते. अशा उन्हात, अशा बंद खोलीत पाणी घटकाभरसुद्धा टिकलं नसतं.

"आश्रुबा, सकाळी फरशी पुसली का कुनी?"

"कोन पुसनार?" दाराबाहेरून आवाज आला. "नळाला पानी न्हाई, पेयालाच टँकर यायलाय. आन् आज आत आलंय कोन?"

चंद्रभाननं स्वतःला समजावलं. शेजारी कुठं पाइप फुटला असेल, भिंतीतून ओल आली असेल. पण ओल भिंतीतून येते, ती अशी फडक्यानं मारल्यासारखी येत नाही. कमल घरीसुद्धा अशीच मागं सरकत सारवायची, हे त्याला आठवलं आणि त्यानं ते मनातून झटकून टाकलं.

३

मेमरीचा दोष नसेल तर वीज तपासायची, म्हणून त्यानं भिंतीतला सॉकेट उघडला. तीन भोकांचा सॉकेट, त्यातलं वरचं मोठं भोक अर्थिंगचं. मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर ती या वायरीतून जमिनीत जाते आणि माणूस वाचतो. वायर नवी होती, स्क्रू चकचकीत. बाकीच्या सॉकेटवर वर्षानुवर्षांची काजळी आणि हा एवढाच स्क्रू नवा. त्यानं वायर हळूच ओढून पाहिली, तर ती जेमतेम वीतभर निघाली. भिंतीत नुसती खुपसून ठेवलेली, पलीकडं कशालाच जोडलेली नाही.

तो बाहेर आला. आश्रुबा ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. चंद्रभाननं वायरीचा तुकडा त्याच्यापुढं धरला.

"ही तुमी घातली ना?"

म्हाताऱ्यानं तो तुकडा हातात घेऊन उलटा केला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"मालक म्हनले म्हून घातली. आधी त्यात वायरच नव्हती सायेब. मी किती येळा म्हनलं, मालक, पोरगी पत्र्याला मुंग्या येतेत म्हनायलीय, अर्थिंग करून घेऊ. ते म्हनायचे, हंगाम झाल्यावर बघू. ती पोरगी रोज सकाळी फरशी पुसायची, ओल्या फरशीवर अनवानी उभी ऱ्हाऊन बटन दाबायची. त्या दिशी हात सुटलाच न्हाई तिचा. मी मेन बंद करस्तोवर..." त्यानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "पोलीस याच्या आधी मालकानं ही वायर लावायला लावली. मी पोलिसाला सांगितलं, अर्थिंग ठीक हाय म्हून. खोटं बोललो."

"ती माझी बहीण व्हती," चंद्रभान म्हणाला.

आश्रुबा त्याच्या पायावर पडायला वाकला. चंद्रभाननं त्याला दंडाला धरून उठवलं. भाकर दिलेला हात तो, त्याचा राग करायचा तरी कसा.

"तुमचं काय चुकलं आश्रुबा. पोटासाठी केलं तुमी. ज्यानं करायला लावलं त्याचं बघू."

हे तो मनापासून बोलला. निदान त्या घडीला तरी त्याला तसं वाटलं.

व्यंकटराव दुपारून मशीन बघायला येणार होते. चंद्रभान खोलीत परत गेला तो एक गोष्ट ठरवूनच. करायचं काहीच नव्हतं. अर्थिंग नव्हतंच, फरशी ओली होती, आणि मालक चपलेचा नियम मोडणारा नव्हता. मशीनच्या पत्र्यात वीज उतरवणं हे तर त्याच्या डाव्या हातचं काम. मग फक्त म्हणायचं, मालक, मशीन सुरू झालंय, बटण तुमच्या हातानं दाबा.

४

त्यानं पक्कड हातात घेतली आणि लाइट गेली.

ती रोजच जायची. पंखा फिरत फिरत थांबला. बाहेर कुठंतरी चालू असलेली पिठाची चक्कीही थांबली आणि सगळीकडं शांत झालं. चंद्रभाननं सवयीप्रमाणं मशीनचा प्लग भिंतीतून ओढून काढला आणि वायरीचं दुसरं टोकही मशीनमधून काढून घेतलं. डबा उघडाच होता. मेमरीच्या सगळ्या पट्ट्या, जुन्या आणि नव्या, त्यानं काढून टेबलावर रुमालात ठेवल्या होत्या. लाइट आल्यावर बघू म्हणून तो दाराकडं वळला.

मागं मशीननं एक शिट्टी मारली. आखूड, एकच. सगळं ठीक असलं की मारतं ती.

तो वळला नाही. आधी विचार केला. मशीनमध्ये घड्याळासाठी छोटी बॅटरी असते, तिचं काही झालं असेल. पडद्याच्या नळीत वीज साठून राहते, ती निघाली असेल. हे सगळं खरं आहे, मेकॅनिकला विचारा. पण त्या बॅटरीवर पडदा उजळत नाही. आणि समोरच्या दारावर हिरवट उजेड पडला होता.

शेवटी त्यानं मान वळवली. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात आकडा चढत होता. मशीन सुरू होताना आपली मेमरी मोजतं, तसा. मोजायला आत एकही पट्टी नव्हती. प्लग त्याच्या हातात होता, त्याची तिन्ही टोकं त्याला दिसत होती. आकडा चढतच होता, कुठल्याच मशीनमध्ये मावणार नाही इतका, आणि थांबायचं नाव नाही.

चंद्रभान पाय मागं घेत घेत बाहेर आला. आश्रुबा ओसरीवर नव्हता, लांब फाटकाशी उभा राहून रस्त्याकडं बघत होता. उंबऱ्याच्या बाहेर, पाटीच्या बरोबर खाली, बायकी चपलांचा एक जोड नीट लावून ठेवला होता. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि त्यात पिन खोवलेली. ही पिन चंद्रभाननंच लावून दिली होती, गेल्या दिवाळीत. त्या चपला मयताबरोबर घरी आल्या होत्या आणि आईनं त्या विहिरीत टाकल्या होत्या.

भीती वाटली का, तर वाटली. पण लाज सोडून सांगायचं तर भीतीच्या खाली त्याला आनंद झाला. पोटात एवढे दिवस एकट्यानं वागवलेलं ओझं कुणीतरी दुसऱ्या बाजूनं उचललं होतं.

तो दाराच्या फटीतून आत बघत हळूच म्हणाला, "कमे, यायलाय तो."

आत खुर्ची जराशी सरकली.

५

व्यंकटरावांची जीप आवारात आली, आश्रुबानं फाटक उघडलं. पांढरे कपडे, अंगानं भरलेला माणूस. बोलणं मोठं, पण गोड.

"झालं का हो सुरू? चार मेकॅनिक येऊन गेले, कुनाच्या बापाला जमलं न्हाई."

"झालंय," चंद्रभान म्हणाला. "आत या की."

व्यंकटराव ओसरी चढले. दाराशी आले. पाटीखालचा चपलांचा जोड त्यांना दिसला की नाही कोण जाणे. ते थेट बूट घालूनच उंबऱ्याच्या आत पाय टाकायला निघाले. जाड रबरी तळव्याचे नवे बूट, उन्हाळ्यात कुणी घालणार नाही असले.

चंद्रभान त्या बुटांकडं बघत राहिला. ज्यानं बँकेच्या साहेबाला अनवाणी केलं, तो माणूस आज आपल्याच पाटीखालून बूट घालून चालला होता. आता त्याला आणखी काही ऐकायची गरज उरली नाही.

"मालक," तो म्हणाला, "बूट."

"असू द्या हो. आता काय त्याचं."

"आता का न्हाई? कमल असताना व्हतं की."

व्यंकटरावांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. कमलचा तोंडवळा ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांची नजर चंद्रभानच्या खांद्यावरून खोलीत गेली आणि तिथंच थांबली.

"तिथं कोन बसलंय?"

चंद्रभाननं वळून पाहिलं. त्याला पूर्ण काहीच दिसलं नाही. हिरव्या उजेडात खुर्चीची पाठ दिसली, आणि त्या पाठीवर चार बोटं दिसली. खुर्ची मागं सरकवताना माणूस धरतो तशी धरलेली. बोटांची पेरं काळी होती.

व्यंकटराव खाली वाकले. कुणी दटावल्यासारखे घाईघाईनं बुटाच्या नाड्या सोडायला लागले. "काढतो," ते म्हणत होते, "काढतो बाई, काढतो." नाडीची गाठ बसली तर त्यांनी ती दातानं तोडायचा प्रयत्न केला. तोंडातून लाळ गळत होती. बूट निघाले, मोजे निघाले. ते रडत होते आणि त्यांचे पाय मात्र आत चालले होते, ओल्या फरशीवरून, खुर्चीच्या दिशेनं.

"अर्थिंग करनार व्हतो," ते कुणालातरी सांगत होते. "हंगाम झाल्यावर करनारच व्हतो."

ऐकायचं होतं ते चंद्रभाननं ऐकलं. मग त्यानं दार ओढून घेतलं.

६

कडी लावली नाही. हे नीट ध्यानात घ्या, कडी लावली नव्हती. दार नुसतं ओढलेलं होतं आणि आतून बोटानं ओढलं असतं तरी उघडलं असतं.

आतून हाक आली. "दार उघड. अरे बाबा, दार उघड." मग आवाज बदलला. "हात सुटंना. हात सुटंना रे." मग शब्द गेले आणि नुसता दातांवर दात वाजल्याचा आवाज राहिला. लाइट अजून आली नव्हती, पंखे थांबलेलेच होते. प्लग चंद्रभानच्या मुठीत होता आणि त्यानं तो इतका घट्ट धरला होता की टोकं तळव्यात रुतली.

बऱ्याच वेळानं आत काहीतरी जड खाली पडलं.

चंद्रभान ओसरीवर बसला. आता हलकं वाटेल, अशी त्यानं वाट पाहिली. इतके दिवस जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं, कबुली आणि मरण, दोन्ही. पण पोटातलं काही खाली बसेना. ते तसंच उभं होतं, उलट ताट पुढं आल्यावर भूक वाढावी तसं वाढलं होतं.

दार आतून उघडलं. कुणी बाहेर आलेलं दिसलं नाही. उंबऱ्यावर ओल्या पावलाचा ठसा उठला, मग ओसरीवर दुसरा, त्याच्या अगदी जवळून. कोऱ्या साबणाचा आणि ओल्या फडक्याचा वास आला. "कमे," तो म्हणाला, आणि हात पुढं केला. पावलं थांबली नाहीत. पायऱ्या उतरून ती आवारात गेली. उन्हानं भाजलेल्या मातीत एकापुढं एक काळपट ठसे उमटत चालले.

चंद्रभानला वाटलं, ती आता घरी निघाली. ताडकळसला, आईकडं. त्यानं डोळे पुसले.

पण ठसे रस्त्याकडं सरळ गेले नाहीत. ते फाटकाकडं वळले. फाटकापाशी आश्रुबा उभा होता. पाठमोरा, दोन्ही हात फाटकाच्या लोखंडी गजांवर, अनवाणी. मालकाच्या जीपमागं फाटक लावून तो तिथंच थांबला होता आणि त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

चंद्रभान उठून उभा राहिला. मधे सगळं आवार पडलं होतं, आणि ठसे सावकाश चालले होते, कसलीच घाई नसल्यासारखे. एक हाक मारली असती तर म्हातारा वळला असता, गजावरचे हात काढले असते. त्यानं भाकर दिली होती. तुमचं काय चुकलं, असं चंद्रभान आपल्या तोंडानं त्याला म्हणाला होता. मग त्याला मेन बंद करायला लागलेला वेळ आठवला. ती वीतभर वायर आठवली, तो चकचकीत स्क्रू आठवला. किती नीट पिळून बसवला होता म्हाताऱ्यानं तो.

ओरडायला वेळ होता. चांगला भरपूर वेळ होता. चंद्रभान ओसरीच्या कडेला उभा राहून बघत राहिला.